जुन्या बिल्ड पर्यायांना रीतसर निरोप : फ्रीबीएसडी १५ चे परीक्षण

जळगावात बसून मी पंधरा-सोळा लहान मशिनांची देखभाल करते. त्यांपैकी काही धरणगाव परिसरातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत आहेत, एक सावद्याच्या केळी व्यापाऱ्याच्या शीतगृहात आहे आणि उरलेली अमळनेर तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेच्या शाळांमध्ये आहेत. फायरवॉल, फाइल साठवण आणि भुईकाट्याची नोंद एवढीच त्यांची कामे आहेत आणि सगळ्यांवर फ्रीबीएसडी ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली चालते. २ डिसेंबर २०२५ रोजी तिची १५.० ही आवृत्ती आली आणि माझ्या बांधणीच्या मशीनवर मी ती मूळ सोर्समधून, म्हणजे प्रोग्रामच्या लिखित मजकुरातून, तयार करून घेतली. हे परीक्षण त्या आवृत्तीच्या एकाच अंगाचे आहे. ही प्रणाली आपले जुने बिल्ड पर्याय, म्हणजे कंपाइल करताना कोणता भाग घ्यावा आणि कोणता वगळावा हे सांगणाऱ्या खुणा, कशा रीतीने कालबाह्य ठरवते आणि शेवटी काढून टाकते, आणि त्या रीतीवर आमच्यासारख्या लहान ठिकाणच्या माणसांनी किती विसंबावे, एवढेच मला येथे पाहायचे आहे.

हा विषय बहुतेकांना रूक्ष वाटेल याची मला कल्पना आहे. नव्या आवृत्तीत काय आले हे सगळे वाचतात, काय गेले याची यादी फार थोडे वाचतात. परंतु ज्याच्या कामाचा भाग जातो, त्याच्या दृष्टीने ती यादी सगळ्यात महत्त्वाची असते. शिवाय आमच्याकडे कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू झाला की खरेदी आटोपेपर्यंत काट्याजवळच्या मशीनला हात लावता येत नाही, कारण बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि टेम्पो रांगेत उभे असताना वजनाची नोंद अर्धा तास बंद पडली तरी शेतकरी आणि कारखाना दोघांचेही नुकसान होते. म्हणून जे काही जाणार आहे ते जाण्याच्या निदान एक हंगाम आधी मला कळले पाहिजे. या कसोटीवर मी ही आवृत्ती तपासली.

ज्यांनी फ्रीबीएसडी कधी सोर्समधून बांधलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. या प्रणालीत कर्नल (प्रणालीचा गाभा), मूलभूत आज्ञा, ग्रंथालये (प्रोग्रामांना लागणारा सामाईक कोड) आणि कंपाइलर (सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) हे सगळे एकाच सोर्सवृक्षात एकत्र राहते आणि 'मेक बिल्डवर्ल्ड' या एका आज्ञेने कर्नल वगळता सारे तयार होते. त्यात निवड करायची असेल तर 'एसआरसी-डॉट-कॉन्फ' नावाच्या फाइलमध्ये ओळी लिहायच्या असतात : ब्लूटूथ नको असेल तर 'विदाउट ब्लूटूथ', वायरलेस नको असेल तर 'विदाउट वायरलेस', आणि जे एरवी बांधले जात नाही ते हवे असेल तर 'विथ' लावून त्याचे नाव. ही शिस्तबद्ध नावे आणि ही स्वतंत्र फाइल २००८ साली आलेल्या ७.० या आवृत्तीपासूनची आहेत. त्याआधी 'नो' या उपसर्गाने सुरू होणाऱ्या नाना खुणा 'मेक-डॉट-कॉन्फ'मध्ये लिहिल्या जात, आणि ती फाइल पोर्ट्सच्या, म्हणजे बाहेरून घेतलेल्या प्रोग्रामांच्या, बांधणीलाही लागू होत असल्यामुळे एकासाठी लिहिलेली ओळ दुसऱ्यालाही भोवत असे.

ही जुनी 'नो' घराण्याची नावे ज्या रीतीने गेली, ती रीत मला आजही आदर्श वाटते. नवी नावे आल्याबरोबर जुनी तोडली गेली नाहीत. बरीच वर्षे दोन्ही चालत होती. मग मॅन पाने किंवा डीबग फाइली वगळण्यासाठी जुने नाव वापरले की बांधणी चालू राहून पडद्यावर इशारा येऊ लागला की हे नाव कालबाह्य आहे, त्याऐवजी अमुक वापरा. आणि त्यानंतरच्या टप्प्यात तो इशारा काढून त्या जागी बांधणी थांबवणारी चूक ठेवण्यात आली. ज्याने इशारा वाचला त्याला पुरेसा वेळ मिळाला, आणि ज्याने वाचला नाही त्याची बांधणी पहिल्याच मिनिटाला थांबून त्याला नेमका शब्द सांगण्यात आला.

प्रकल्पाच्या लिखित नियमांतही हाच क्रम आहे. एखादी सोय, आज्ञा किंवा पर्याय काढायचा असेल तर प्रथम त्याच्या पुस्तिकेच्या पानावर तो कालबाह्य असल्याची नोंद करावी आणि वापरणाऱ्याला इशारा दिसावा. पुढची मोठी, म्हणजे शून्य क्रमांकाची आवृत्ती येईपर्यंत तो जपावा. आणि मगच काढून टाकून प्रकाशन टिपणात तशी नोंद करावी. कर्नलमध्ये तर यासाठी 'गॉन-इन' नावाची स्वतंत्र सोय आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तिला आवृत्तीचा आकडा दिला की मशीन सुरू होतानाच्या संदेशांत 'हा कोड अमुक आवृत्तीत काढला जाईल' अशा अर्थाची ओळ उमटते. मशीन सुरू होतानाचे संदेश वाचणारी माणसे आता कमी झाली आहेत, परंतु मी आजही प्रत्येक मशीनचे ते संदेश जपून ठेवते, आणि या एका सवयीने मला एका मोठ्या अडचणीतून वाचवले आहे.

ती हकिगत नेटवर्क कार्डांची आहे. आमच्या शाळांतील जुन्या संगणकांत रियलटेक ८१३९ या चिपची स्वस्त कार्डे भरपूर होती, आणि त्याहून जुनी, एनई-२००० जातीची कार्डेही काही ठिकाणी टिकून होती. २०१८ साली प्रकल्पाने दहा आणि शंभर मेगाबिट वेगाच्या जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. कारण रास्त होते : नेटवर्कच्या अंतर्गत रचनेत कोणताही मोठा बदल करायचा म्हटला की हे सगळे ड्रायव्हर एकेक करून दुरुस्त करावे लागत, आणि त्यांतील अनेकांची चाचणी घेण्यासाठी कोणाजवळ ते कार्डच शिल्लक नसे. परंतु सरसकट कुऱ्हाड चालवली गेली नाही. कोण काय वापरते हे विचारण्यात आले, आणि ज्या कार्डांचा वापर अजून बऱ्यापैकी होता त्यांना यादीतून वगळण्यात आले. रियलटेक ८१३९ साठीचा 'आरएल' हा ड्रायव्हर त्यामुळे वाचला, इंटेलचा 'एफएक्सपी' आणि थ्रीकॉमचा 'एक्सएल' हेही वाचले. एनई-२००० साठीचा 'ईडी' आणि थ्रीकॉमचा त्याहून जुना 'ईपी' मात्र १३.० मध्ये गेले. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या १२.० मध्ये इशारा दिसू लागला आणि प्रत्यक्ष काढणी एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या १३.० मध्ये झाली. मधल्या अवधीत उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या आणि गेल्या. तेवढ्यात मी शाळांतील ती कार्डे बदलून घेतली, आणि एकाही शाळेचे काम बंद पडले नाही.

अशी काढणी मुळात आवश्यकच का असते, हा प्रश्न मला धरणगावच्या कारखान्यातील वयस्कर मुनीम दर वेळी त्यांच्या अहिराणीत विचारतात : "ताई, मशीन चालू शे ना, मंग हात कसाले लावतस?" प्रश्न अतिशय योग्य आहे आणि त्याला तितकेच सरळ उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. ज्यांनी कापूस लावला आहे त्यांना फरदड हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शेवटची वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी शेतात उभी ठेवून, पाणी देऊन आणखी थोडा कापूस काढण्याचा मोह होतो, आणि त्या उभ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत जगते. शेजाऱ्याच्या शेतावरही तिचा उपद्रव होतो. म्हणूनच फरदड घेऊ नका असे कृषी विभाग सांगत असतो. जुना बिल्ड पर्याय अगदी असाच आहे. तो ठेवण्याचा खर्च दिसत नाही, कारण तो एका माणसाच्या खिशातून जात नाही. तो प्रत्येक मेकफाइलमधील (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमधील) एका अटीच्या रूपाने, प्रत्येक बदलाच्या वेळी एका जास्तीच्या तपासणीच्या रूपाने आणि कोणीच न बांधून पाहिलेल्या जोडणीत दडून बसलेल्या चुकीच्या रूपाने सगळ्यांना सोसावा लागतो.

हा खर्च आकड्यांत मांडला तर अधिक स्पष्ट होईल. प्रत्येक पर्याय 'आहे' किंवा 'नाही' अशा दोन स्थितींत असू शकतो. दहा पर्याय असले तर १,०२४ वेगवेगळ्या प्रणाली संभवतात, वीस असले तर १०,४८,५७६, आणि पन्नास धरले तर ही संख्या एक हजार लाख कोटींच्या पलीकडे जाते. फ्रीबीएसडीच्या पुस्तिकेतील पर्याय पन्नासाहून पुष्कळ अधिक आहेत. इतक्या जोडण्या जगातील कोणताही प्रकल्प तपासू शकणार नाही. व्यवहारात डीफॉल्ट जोडणी रोज तपासली जाते, एकेक पर्याय स्वतंत्रपणे बदलून काय फरक पडतो ते पाहण्यासाठी सोर्सवृक्षात 'बिल्ड ऑप्शन सर्व्हे' नावाचे साधनही आहे, परंतु तीन-चार पर्याय एकत्र बदलणाऱ्याच्या वाटेला आलेली चूक बहुधा त्यालाच प्रथम सापडते. मी अशाच लोकांत मोडते, कारण फायरवॉलसाठी मी नॅनोबीएसडी हे साधन वापरून छोटी प्रतिमा, म्हणजे डिस्कवर थेट उतरवता येणारी तयार प्रणाली, बनवते आणि तिच्यातून कंपाइलर, छपाई, ब्लूटूथ, मेल असे पुष्कळ काही वगळते. म्हणून पर्याय कमी झाले की माझी निवड आकुंचित होते हे खरे असले, तरी जे उरतात ते तपासलेले असण्याची शक्यता वाढते. मला हा सौदा मान्य आहे.

जुन्या पर्यायांपैकी सगळ्यात मोठा निरोप जीसीसी या कंपाइलरचा होता आणि तो उदाहरण म्हणून समजून घेण्यासारखा आहे. फ्रीबीएसडीच्या मूळ वृक्षात जीसीसीची ४.२.१ ही २००७ सालची आवृत्ती होती, कारण त्यानंतर त्या कंपाइलरचा परवाना जीपीएल ३ झाला आणि तो परवाना प्रकल्पाला मूळ वृक्षात नको होता. परिणामी एक जुना कंपाइलर गोठलेल्या अवस्थेत राहिला. जानेवारी २०१४ मधील १०.० मध्ये नेहमीच्या इंटेल-एएमडी मशिनांवर क्लँग हा दुसरा कंपाइलर डीफॉल्ट झाला, परंतु इतर प्रोसेसरांसाठी जीसीसी लागत असल्यामुळे तो बांधण्याचे पर्याय आणखी सहा वर्षे सांभाळले गेले. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तो मूळ वृक्षातून गेला, त्याचे पर्यायही गेले, आणि ज्यांना हवा त्यांनी पोर्ट्समधून नवीन जीसीसी घ्यावा अशी सोय राहिली. एवढी सबुरी दाखवूनही जुन्या कंपाइलरला कवटाळून बसण्याची चूक झाली नाही, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

बाकीचे निरोप मी थोडक्यात सांगते. दूरच्या मशीनवर काम करू देणारी आरलॉगिन आणि आरएसएच ही असुरक्षित जोडी १२.० मध्ये गेली. बाइंड हा नावसेवक (डीएनएस सर्व्हर) आणि सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणारे सीव्हीएस १०.० मध्ये गेले. नोव्हेंबर २०२३ मधील १४.० मध्ये पोर्ट्स अद्ययावत करणारे पोर्टस्नॅप गेले, टेलनेटचा सर्व्हर गेला, आणि सेंडमेल मूळ प्रणालीत राहूनही डीफॉल्ट टपालवाहकाची जागा ड्रॅगनफ्लाय मेल एजंटने घेतली. रोज रात्री मशीनने स्वतःच्या प्रकृतीचा अहवाल पाठवावा एवढीच माझी अपेक्षा असल्यामुळे हा शेवटचा बदल मला सोयीचाच ठरला.

१५.० मध्ये सर्वांत दूरगामी बदल ३२ बिटांच्या मशिनांविषयी आहे. आय-३८६, आर्म-व्ही-६ आणि ३२ बिटांचे पॉवरपीसी या तिन्ही मंचांसाठी (प्रोसेसरांच्या प्रकारांसाठी) आता प्रणाली प्रसिद्ध होत नाही. ३२ बिटांपैकी आर्म-व्ही-७ तेवढे राहिले आहे. त्यामुळे पहिल्या पिढीचे रास्पबेरी पाय आणि जुने ३२ बिटांचे संगणक या आवृत्तीत बसत नाहीत. अमळनेरकडील दोन शाळांत माझी अशी दोन मशिने आहेत आणि त्यांचा विचार करताना मला वाईट वाटले, कारण ती इमानाने चालत आहेत. परंतु तक्रार करायला जागा नाही. १३.० मध्येच आय-३८६ ला दुसऱ्या, म्हणजे कमी हमीच्या, श्रेणीत टाकले गेले होते आणि तेव्हाच ४८६ ऐवजी ६८६ हा किमान प्रोसेसर गृहीत धरला जाऊ लागला. पुढचे पाऊल कोणते असेल हे त्यावरून दिसत होते. शिवाय १४ ची शाखा ३० नोव्हेंबर २०२८ पर्यंत सांभाळली जाणार आहे. म्हणजे त्या दोन शाळांना जवळजवळ तीन वर्षे मिळाली आहेत, आणि संस्थेच्या अंदाजपत्रकात दोन मशिनांची तरतूद करायला तेवढी पुरेशी आहेत.

याहून नाजूक प्रश्न ३२ बिटांच्या जुन्या प्रोग्रामांचा होता. धरणगावच्या काट्यावर वजनदर्शकाकडून सिरियल तारेने येणारा आकडा वाचून फाइलमध्ये लिहिणारा एक लहान प्रोग्राम आहे. तो फार वर्षांपूर्वी ३२ बिटांच्या फ्रीबीएसडीवर तयार झाला होता, त्याचा सोर्स आता उपलब्ध नाही, आणि तो ६४ बिटांच्या मशीनवर चालतो तो कर्नलमधील सुसंगती आणि 'लिब-३२' या पर्यायाने बसणारी ग्रंथालये यांच्या आधारावर. मंच काढला म्हणजे हा आधारही गेला असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात प्रकल्पाने २०२४ च्या आरंभीच या दोन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या होत्या : ६४ बिटांच्या मशीनवर ३२ बिटांचे प्रोग्राम चालवण्याची सोय निदान १५ आणि १६ या दोन्ही शाखांत राहील, आणि ३२ बिटांचे प्रोग्राम नव्याने कंपाइल करण्याची सोय निदान १५ मध्ये राहील. काय जाणार हे सांगताना काय राहणार आणि कुठपर्यंत राहणार हेही सांगणे, ही मला चांगल्या कारभाराची खूण वाटते. या एका निवेदनामुळे मी कारखान्याच्या मालकांना लेखी सांगू शकले की नवा प्रोग्राम लिहून घ्या, परंतु या हंगामात घाई करू नका.

लिब-३२ च्या संदर्भात माझ्या हातून झालेली एक चूक येथे नोंदवणे योग्य होईल, कारण ती कोणाच्याही हातून होऊ शकते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या फाइलमध्ये 'विदाउट लिब-३२' ही ओळ लिहिली आणि तिच्यापुढे 'बरोबर नाही' अशा अर्थाने 'नो' हे मूल्य दिले. माझा हेतू असा की ही वगळणी बंद राहावी आणि ग्रंथालये बसावीत. पुस्तिकेत मात्र स्वच्छ लिहिले आहे की या खुणांचे मूल्य पाहिले जात नाही. 'फॉल्स' लिहा किंवा 'नो' लिहा, ओळ आहे एवढेच पुरे असते. ग्रंथालये बांधली गेली नाहीत आणि काट्याचा प्रोग्राम चाचणीच्या मशीनवर सुरूच झाला नाही. चाचणी आधी घेतली होती म्हणून कारखान्यात काही बिघडले नाही. दोष माझ्या न वाचण्याचा होता. तरीही वाचकांना सांगते की नको असलेल्या ओळीपुढे 'नो' लिहू नका, ती ओळच काढून टाका.

आता ज्या ठिकाणी ही रीत अपुरी पडते तेथे येते. एखादा पर्याय काढून टाकला की पुस्तिकेतील त्याचे वर्णनही नाहीसे होते, कारण ते पान हाताने लिहिले जात नाही. सोर्सवृक्षात प्रत्येक पर्यायासाठी वर्णनाची एक छोटी फाइल असते आणि त्या सगळ्या फाइलींवरून पान तयार केले जाते. यंत्रणा नेटकी आहे. परंतु वापरणाऱ्याच्या फाइलमध्ये त्या पर्यायाची ओळ तशीच राहते, आणि बांधणी करणाऱ्या मेक या साधनाच्या दृष्टीने ती एका अनोळखी चलाची व्याख्या एवढीच असल्यामुळे ती मुकाट्याने दुर्लक्षिली जाते. काही पर्यायांसाठी याहून चांगली व्यवस्था आहे : जे भाग आता वगळता येत नाहीत त्यांची वेगळी यादी असते, आणि त्यांपैकी एखादा वगळायला सांगितला तर 'हा पर्याय आता चालत नाही' असा इशारा मिळतो. काही पर्यायांच्या वर्णनात 'याचा काहीही परिणाम होत नाही' एवढेच वाक्य ठेवलेले असते, आणि तेही उपयोगी आहे. पूर्णपणे काढलेल्या नावांसाठी मात्र असा शब्द नाही. 'नो' घराण्याला निरोप देताना जी काळजी घेतली गेली, ती प्रत्येक पर्यायाच्या वाट्याला येत नाही, आणि माझ्या मते या रीतीतील ही सर्वांत महत्त्वाची उणीव आहे.

ही उणीव किती खोल जाते ते मी माझ्याच फाइलवरून पाहिले. २०१२ साली ९.० पासून मी ती सांभाळत आले होते, दर आवृत्तीला त्यात भर पडत गेली होती आणि एकही ओळ कमी झाली नव्हती. १५.० ची बांधणी करण्यापूर्वी मी 'मेक शोकॉन्फिग' ही आज्ञा चालवली. ती प्रत्येक पर्यायाची त्या क्षणीची स्थिती छापून दाखवते. मग ती यादी एका बाजूला आणि माझी फाइल दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. बाइंड, सीव्हीएस, जीसीसी, आरएसएच वगळण्याच्या ओळी तेथे अजून होत्या. त्या वगळायला सांगत होत्या ते सारे कधीचेच गेले होते. त्यांनी काही बिघडवले नव्हते, परंतु फाइल वाचणाऱ्या पुढच्या माणसाला त्या चुकीची माहिती देत होत्या. आमच्याकडे काम शिकायला आलेल्या एका मुलाने 'बाइंड का वगळले आहे' असे विचारले तेव्हा मला उत्तर शोधावे लागले, यातच ते आले. त्या दुपारी आम्ही दोघांनी फाइल निम्म्याहून लहान केली आणि उरलेल्या प्रत्येक ओळीवर ती का लिहिली आणि कोणत्या आवृत्तीत तपासली हे मराठीत लिहून ठेवले.

डिस्कवर उरलेल्या जुन्या फाइलींची साफसफाई मात्र या प्रणालीइतकी नीट मी अन्यत्र पाहिलेली नाही. बांधणी बसवून झाल्यावर 'मेक चेक-ओल्ड' ही आज्ञा कोणत्या फाइली आता जुन्या झाल्या आहेत ते दाखवते, आणि 'मेक डिलीट-ओल्ड' प्रत्येक फाइलविषयी विचारून ती काढते. यासाठी दोन खातेवह्या ठेवलेल्या असतात. एकीत सर्वांच्याच दृष्टीने कालबाह्य झालेल्या फाइली नोंदवलेल्या असतात आणि दुसरीत अमुक पर्याय वगळला असेल तरच जुन्या ठरणाऱ्या. जुनी ग्रंथालये काढणे हे जाणूनबुजून वेगळ्या आज्ञेत ठेवले आहे, कारण आधी बसवलेले प्रोग्राम त्यांच्यावर अवलंबून असू शकतात. ते प्रोग्राम नव्याने बसवल्यावरच ही शेवटची आज्ञा द्यावी. सोर्सवृक्षाच्या मुळाशी 'अपडेटिंग' नावाची फाइल असते आणि तिच्यात तारीखवार नोंदी असतात. बांधणीपूर्वी तिचे वाचन टाळू नये.

इतरांशी तुलना करायची तर ओपनबीएसडी याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे पर्याय मुळात फार थोडे आहेत आणि सर्वांनी तयार 'जेनेरिक' कर्नलच वापरावा असा आग्रह आहे. एखादी गोष्ट नीट सांभाळली जात नसेल तर ती सरळ काढली जाते, जशी २०१४ मध्ये ब्लूटूथची सोय काढली गेली. लिनक्स कर्नलमध्ये पर्यायांची संख्या अनेक पटींनी अधिक आहे. तेथेही मोठ्या गोष्टींना पुरेशी मुदत मिळते. रायझर-एफएस ही फाइल प्रणाली २०२२ मध्ये कालबाह्य घोषित होऊन जानेवारी २०२५ मधील ६.१३ मध्ये गेली. परंतु लहान पर्यायाचे नाव गेले की जुनी कॉन्फिग फाइल नव्या कर्नलला देताना ती ओळ तेथेही न सांगता गळून पडते. म्हणजे ही उणीव सार्वत्रिक आहे, आणि फ्रीबीएसडीने ती भरून काढली तर इतरांना धडा मिळेल.

१५.० मध्ये आणखी एक बदल आहे आणि तो पुढे या साऱ्या प्रश्नाचे स्वरूपच पालटून टाकील. मूळ प्रणाली आता लहान लहान पॅकेजांच्या रूपात बसवता येते. स्थापनेच्या वेळी जुनी पद्धत आणि पॅकेजांची पद्धत यांतून निवड विचारली जाते. पॅकेजांची पद्धत या आवृत्तीत पूर्वदर्शन म्हणून आहे आणि १६ मध्ये तिने जुन्या पद्धतीची जागा घ्यावी अशी अपेक्षा आहे. छपाई नको असेल तर ती वगळून सारे पुन्हा बांधण्याऐवजी तिचे पॅकेज बसवलेच नाही की झाले. मी शीतगृहाच्या मशीनवर ही पद्धत वापरून पाहिली. बांधणीचे कित्येक तास वाचले, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना, ही बचत आमच्याकडे साधी नाही. ज्या वाचकांनी केवळ प्रणाली लहान करण्यासाठी बिल्ड पर्याय वापरले असतील त्यांनी आता हा मार्ग आधी पाहावा. नॅनोबीएसडीच्या प्रतिमांसाठी मात्र मी अजून सोर्समधूनच बांधते, कारण क्लँगसारखा मोठा भाग वगळून आणि माझ्याच निवडीच्या कर्नलसह तयार झालेली प्रतिमा मला पूर्ण ओळखीची असते.

माझा अभिप्राय विचाराल तर नव्या ६४ बिटांच्या मशीनवर १५.० बिनधास्त घ्यावी. ज्यांच्याकडे जुन्या फाइली आहेत त्यांनी आधी त्या ताडून पाहाव्यात, काट्यासारखे जुने प्रोग्राम असतील तर लिब-३२ सह चाचणी घ्यावी आणि डिलीट-ओल्डची यादी एकदा संपूर्ण वाचावी. ३२ बिटांची मशिने १४ वरच ठेवावीत. काढून टाकलेल्या पर्यायांच्या नावांची एक यादी सोर्सवृक्षातच ठेवून, वापरणाऱ्याच्या फाइलमध्ये त्यांपैकी एखादे सापडले तर एक ओळीचा इशारा द्यावा, अशी सूचना मी त्या मुलाकडून नीट लिहून घेत आहे. ती प्रकल्पाकडे पाठवण्यापूर्वी तिच्यासोबत चालणारा बदलही तयार असावा असा आमचा प्रयत्न आहे.

धरणगावचे मशीन सध्या १४ वर आहे. खरेदी आटोपली की आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) ते १५ वर नेण्याचे मुनिमांशी ठरले आहे, आणि त्यासाठी लागणारी प्रतिमा चाचणीच्या मशीनवर काट्याच्या प्रोग्रामसह चालू आहे.